जावेनं दिलेली बाटली

लढाईमुळं बाटल्या मिळत नव्हत्या, म्हणून दहिवडीच्या दवाखान्यात औषधासाठी बाटली घरून न्यावी लागे. हरणाबाईनं पुढं केलेल्या बाटलीचं बूच कंपाउंडरनं काढलं, वास घेतला आणि बाटली टेबलावर आपटली.

"यात मेंढरांच्या जखमेवरचं फिनेल होतं. तळाला अजून आहे. यात औषध भरलं तर पिणारा मरेल."

"थोरल्या जावेनं दिली."

"मग? धुवायला तुझे हात मोडले होते?"

"धुवाय बसले हुते. तिनं बूचसुदिक काडू दिलं न्हाई. औषदाचीच हाय, धुवायची न्हाई म्हनली."

"म्हणजे दोघी मिळून घरातल्या कुणाला मारायला निघालात?"

हरणाबाई बाटलीकडं बघत राहिली.

"दोगी न्हाई. औषद माजंच हाय."

कंपाउंडरनं खण उघडून स्वतःच्या घरची स्वच्छ बाटली काढली आणि तिच्यात औषध ओतायला लागला. हरणाबाईनं त्याचा हात अडवला आणि जावेची बाटली पुढं सरकवली.

"हिच्यातच भरा. पयला घोट तिला घ्याय लावते."