मोठ्या विमानामागे

टॉवरच्या काचेतून नियंत्रक बघत होता. अजस्र मालवाहू विमान नुकतंच उडालं होतं आणि मागे त्याच्या लेकीचं चिमुकलं विमान धावपट्टीच्या तोंडाशी उभं होतं. सकाळी तो तिच्यावर नको तेवढा ओरडून, दार आपटून निघाला होता. रेडिओवर मात्र नियमाप्रमाणे अहोजाहो. "टॉवर, धावपट्टी मोकळी आहे. निघू का?" "थांबा. मोठं विमान हवेत भोवरे सोडून गेलंय." "पण वाऱ्याची झुळूकही नाही." "म्हणूनच थांबा. वारा नसला की ते तिथेच घुटमळतात. दिसत नाहीत, पण लहान विमान उलथवतात." वारा दाखवणारी कापडी नळी खांबाला लोंबत होती. थोड्या वेळाने लेक म्हणाली, "ठाऊक आहे. तुम्ही दार आपटून गेलात की घरातही मी अशीच थांबते, बाबा." हवा निवळली. त्याने बटण दाबलं. "नीघ, बाळा. संध्याकाळी दार हळू लावीन."