मामाची मांडी

"नवव्या महिन्याची एचआयव्हीची लस ना? एकदा टोचली की जन्मभराची काळजी मिटली," लसीकरण केंद्रातली सिस्टर म्हणाली. "बाळाला मांडीवर कोण घेणार?"

"मामाची मांडी लागते," रांगेतल्या एक आजी म्हणाल्या. नव्या लसीलाही लोकांनी जावळाचाच रिवाज लावला होता.

"मामाची आता मावशी झालीय, आजी. मांडी तीच आहे," म्हणत निशिगंधानं पदर खोचला आणि ओवीला घेतलं.

"ताप नाही ना येणार?" ओवीच्या आईनं, तिच्या धाकट्या बहिणीनं केतकीनं तिसऱ्यांदा विचारलं.

पंधरा वर्षांपूर्वी ही लस नव्हती. लागण होऊ नये म्हणून रोज गोळी घ्यावी लागायची. निशिगंधा त्या गोळ्या पुस्तकांमागच्या डबीत लपवायची. एक दिवस आईनं त्या मोरीत ओतल्या. दवाखान्यात पुन्हा मागायला जायची निशिगंधाची हिंमत झाली नाही आणि वर्षभरातच लागण झाली. आता दुसऱ्या गोळ्या, जन्मभर.

सुई टोचली. ओवी किंचाळली.

"ताई," केतकी कशीबशी म्हणाली, "ती डबी आईला मीच दाखवली होती. मला वाटलं, तू आजारी आहेस."

निशिगंधा ओवीच्या मांडीवर कापूस दाबत राहिली.

"माहीत आहे गं. रिकाम्या डबीला गूळ चिकटला होता. घरात गूळ चोरून खाणारी तू एकटीच."

"मग मला कधी ओरडली का नाहीस?"

"ओरडले असते, तर त्या घरात माझ्याशी बोलणारं कोण उरलं असतं?"