निलिमेच्या घरट्याचा कौल

“एका पाखरासाठी काम थांबवूचा? पाऊस थांबाक तो काय तुझो मामा लागता?” देवस्थानचे तात्या म्हणाले, तसे कामावरचे सगळे हसले.

पक्ष्यांचा अभ्यास करणारी मैथिली मात्र हटली नाही. देवळाच्या जुन्या चिऱ्याच्या भिंतीत निलिमेचं घरटं होतं. चिमणीहून लहान असा हा निळा माशीमार पक्षी देवळाभोवतीच्या राईच्या गर्द सावलीत राहायचा. त्याची तीन पिल्लं उडायला अजून चार दिवस लागणार होते आणि भिंत आजच पाडायची होती.

“भांडतास कित्याक? देवाक कौल लावया,” म्हातारे गुरव म्हणाले. “उजवी पाकळी पडली तर पाडा, डावी पडली तर थांबा.”

त्यांनी देवाच्या दोन्ही खांद्यांवर जास्वंदीची एकेक पाकळी चिकटवली. मैथिलीच्या हिशेबाने शक्यता अर्धी-अर्धी होती, तरी तिचे हात आपसूक जोडले गेले.

एकही पाकळी पडली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. “देव बोलल्याशिवाय हातोडो पडूचो नाय,” गुरवांनी बजावलं. तात्या नुसते येरझाऱ्या घालत राहिले.

चौथ्या दिवशी सकाळी तिन्ही पिल्लं भिंतीतून बाहेर पडली आणि धडपडत समोरच्या सुरंगीच्या झाडावर जाऊन बसली. मैथिली धावतच गाभाऱ्याच्या दाराशी आली. “गुरवकाका, उडाली! तिन्ही उडाली!”

गुरवांनी आजूबाजूला पाहून घेतलं आणि उजवी पाकळी नखाने खरवडून काढली.

“फणसाचो चीक,” ते हळूच म्हणाले, “असो सुटना नाय, बाय.” मग बाहेर वळून त्यांनी मोठ्याने हाक दिली, “तात्यानू, देव बोललो! घेवा हातोडे!”