भूल उतरेपर्यंत

"पूर्ण भूल देणार? तिला झेपेल ना? जाग येईल ना नीट?" आजींच्या खुब्याच्या ऑपरेशनआधी आजोबांनी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना भंडावून सोडलं होतं.

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. आजींनी डोळे उघडले, तसा आजोबांनी त्यांचा हात हातात घेतला. आजींनी तो झटकन काढून घेतला.

"कोण हो तुम्ही?"

नुकतीच ड्यूटीवर आलेली नर्स हसली. "घाबरू नका आजोबा. भुलीचा अंमल आहे. संध्याकाळपर्यंत ओळखतील तुम्हाला."

आजोबांनी मान डोलावली. गेली कित्येक वर्षं आजी त्यांना रोज सकाळी हेच विचारत होत्या.

तरीही ते खुर्ची पलंगाजवळ ओढून संध्याकाळची वाट बघत बसले.