वामनराव डॉक्टरांचा रविवार

"इथे पहिल्या रांगेत बसा, बाई. आजच्या पाहुण्या तुम्ही," मुकुंद म्हणाला आणि त्याने स्वतःच खुर्ची पुढे ओढली.

प्रेमिलाबाई बसल्या. वय अठ्ठ्याऐंशी, गुडघे दुखरे, पण मन खुशीत होतं. मुकुंदची मुलगी सोनिका सकाळीच गाडी घेऊन कन्हानला त्यांना न्यायला आली होती. लकडगंजच्या याच दवाखान्यात ती आता डॉक्टर होती. महिन्यापूर्वी प्रेमिलाबाई तिच्याकडे तपासायला आल्या आणि भिंतीवरचा फोटो बघून बोलून गेल्या, "हे वामनराव डॉक्टर आमच्या घरी यायचे." वामनराव म्हणजे सोनिकाचे पणजोबा. तेवढ्या बोलण्यावरून आजचं आमंत्रण.

दवाखान्याला नव्वद वर्षं झाली होती. मुकुंद माईकपाशी गेला.

"आजोबांनी दवाखाना काढला तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. घरमालकाची अट होती, अस्पृश्य रोग्यांनी मागच्या दारी थांबायचं. बाकीचे डॉक्टर तेच करत. नाडी बघायची ती मनगटावर फडकं टाकून, पुड्या टाकायच्या त्या वरून, ओंजळीत. आजोबांनी एकच बाक मांडला. जो आधी आला, तो आधी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"तीन महिने त्या बाकावर व्यापाऱ्यांपैकी कोणी बसलं नाही. न्हाव्याने दाढी करणं सोडलं. विहिरीवर पाणी बंद झालं. मग देवीची साथ आली. ज्या शेटजीने पाणी तोडलं होतं, त्याचीच दोन पोरं तापाने फणफणली. आजोबा न बोलावता गेले, पंधरा दिवस जात राहिले. पोरं वाचली. शेटजी हात जोडून आला आणि हळूच म्हणाला, 'डॉक्टर, तुम्ही नेमके कोणत्या जातीचे?' आजोबा म्हणाले, 'मी तुमच्या पोरांना विचारलं होतं का?'"

प्रेमिलाबाईंना हसू आलं. असंच बोलायचे ते. आवाज न चढवता, समोरच्याला गप्प करणारं.

"पण त्यांना हे फार महागात पडलं," मुकुंद पुढे म्हणाला. "आमच्या गावाकडचं एकही माणूस कधी या घराची पायरी चढलं नाही. आजोबांच्या लग्नातसुद्धा त्यांच्या बाजूने कोणी नव्हतं. तरी ते दर रविवारी सायकलने कन्हानला जात आणि या बाईंच्या घरी बसून जेवत. त्या काळात, यांच्या वस्तीत. केवढं मोठं मन असेल त्यांचं."

मग त्याने माईक प्रेमिलाबाईंच्या हातात दिला.

"खरंच जेवाचे," त्या म्हणाल्या. "चुलीपाशी बसून चून-भाकर खायचे. मिरची कमी पडली तर मागून घ्यायचे. मी आठ-नऊ वर्षांची होती."

एवढंच बोलून त्यांनी माईक परत दिला. लोक फार खूश झाले. शाल-श्रीफळ झालं.

जेवताना सोनिका त्यांच्या शेजारी बसली. मुकुंद स्वतः वाढत होता. भाताचं पातेलं खाली ठेवून तोही टेकला.

"बाई, एक विचारू? कन्हानमध्ये एवढी घरं होती. आजोबा तुमच्याच घरी का येत?"

"कोणी आजारी होतं का, आजी?" सोनिका म्हणाली.

प्रेमिलाबाईंनी घास ताटात ठेवला. लोकांसमोर काय बोलायचं आणि काय नाही, हे त्यांना लहानपणीच शिकवलं होतं. ऐंशी वर्षं त्यांनी ते पाळलं. पण ही पोरगी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन, माठातलं पाणी हाताने घेऊन प्यायली होती. उगाच विचारपूस नाही, की अवघडलेपण नाही. आणि मुकुंदही माणूस भला होता. त्याला फक्त माहीत नव्हतं.

त्यांनी सोनिकाच्या पाठीवर हात ठेवला. किती हलकं वाटत होतं.

"कोणी बिमार नव्हतं वं, बाई," त्या म्हणाल्या. "आपल्या मायले भेटाले यायचा तो. माझ्या आजीचा थोरला पोरगा."