दोन सीटांचा ट्रॅक्टर

"आई, आज पुन्हा आमचा रणगाडा भिजला," घरात शिरता शिरताच एवाल्ट म्हणाला. "पुठ्ठा लोंबायला लागला. त्यात गावातल्या पोरांनी बोटं घालून भोकं पाडली."

ओटिली हसून हसून बेजार झाली. हरलेल्या जर्मनीला रणगाडे ठेवायला बंदी होती, म्हणून तिच्या लेकाची पलटण मोटारींवर पुठ्ठ्याची खोकी चढवून सराव करायची. शत्रूवर विजेसारखं तुटून पडायचं शिक्षण चालायचं, आणि पाऊस आला की सगळी वीज झाडाखाली! ओटिलीचा नवरा मागच्या युद्धातून परतलाच नव्हता. त्यामुळे या पुठ्ठ्यावर तिचा फार जीव होता.

"सोडतील का रे तुला?" चेरीच्या केकचा मोठा तुकडा त्याला वाढत तिने विचारलं.

"कप्तान म्हणतात, हिवाळ्याआधी खरे रणगाडे आले नाहीत तर निम्मी माणसं घरी. त्यात मीही आहे."

"आणि आले तर?"

"मग कुणीच सुटत नाही. पण येणार कुठून? आभाळातून?"

ओटिलीचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात गेली ती पदर खोचल्यासारखी. तिथे ती ट्रॅक्टरच्या सीटा शिवायची. सरकारी काम, शेतकऱ्यांसाठी. एका शेडमधल्या माणसाने दुसऱ्या शेडमध्ये डोकावायचं नाही, असा कडक नियम होता.

"ट्रॅक्टरला दोन सीटा कशाला गं?" शेजारची हेडविग विचारायची.

"एक शेतकऱ्याची, एक त्याच्या बायकोची. नाहीतर त्याच्यावर खेकसणार कोण?"

काम लवकर संपलं तर सगळ्यांना लांब रजा मिळणार होती. एवाल्ट येईल तेव्हा ओटिलीला घरी असायचं होतं. त्याची खोली रंगवायची होती. तिने जेवणाची सुट्टी सोडली, हेडविगलाही सोडायला लावली.

"जरा दम खाऊ दे की, बाई!"

"रजेत खा हवा तेवढा."

तरी एकही टाका तिने कच्चा घातला नाही. कुणाच्या तरी लेकाला त्यावर दिवसभर बसायचं होतं.

शेवटची सीट गेली तेव्हा मुकादम स्वतः आला. "ओटिलीबाई, तुमच्यामुळे माल महिनाभर आधी निघतोय. आज तुम्हाला नियम माफ. या, बघा तरी."

त्याने मागच्या अंगणाचं दार उघडलं. रेल्वेच्या उघड्या डब्यांवर ट्रॅक्टर ओळीने चढवलेले होते. ओटिली कौतुकाने पुढे झाली. प्रत्येकाच्या डोक्यावर लोखंडी घुमट होता, आणि घुमटातून मशीनगनच्या दोन-दोन नळ्या बाहेर आल्या होत्या.