एकसारख्या दोघी

आयलर्ट हाउगना कसं सांगायचं, हे टोरुन बर्गनहून निघाल्यापासून मनात जुळवत होती. त्यांच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्यावर मात्र त्यातलं एक वाक्य आठवेना. त्यांच्या बायकोने, गुडनीने, समोर वॅफल आणि तपकिरी चीज ठेवलं होतं. टोरुनने त्याला हातही लावला नव्हता.

ऐंशी ओलांडलेल्या या माणसाने तिला समुद्रातल्या बिनशंखी गोगलगायी ओळखायला शिकवलं होतं. पांढऱ्या अंगाच्या, पाठीवर केशरी झालर असलेल्या एका गोगलगायीला नावही त्यांनीच दिलेलं. नॉर्वेच्या किनाऱ्यापासून फॅरो बेटांपर्यंत सापडते ती एकच जात, हे त्यांचं म्हणणं पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलं होतं. आणि टोरुनने ते आता खोडून काढलं होतं.

"बोल की," आयलर्ट म्हणाले. "कोणी गेलं-बिलं का?"

"तुमची गोगलगाय एक नाही. दोन आहेत."

मग ती थांबली नाही. दिसायला दोघी हुबेहूब, पण डीएनए साफ वेगळा. मधला खोल, गार समुद्र त्यांच्या तरंगत्या पिल्लांना पार होतच नाही. लाखो वर्षं इकडची इकडे आणि तिकडची तिकडे राहिली. जुनं नाव इकडच्या जातीकडेच राहील, हेही तिने घाईघाईने सांगून टाकलं.

आयलर्टनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. या माणसाच्या जन्माची कमाई आपण मोडीत काढली, असं टोरुनला वाटलं.

"एकत्र ठेवल्या तर जोडा जमेल त्यांचा?" त्यांनी विचारलं.

"नाही. कधीच नाही."

त्यांनी मोठा श्वास सोडला. मग हळूहळू सांगायला लागले. दोन्हीकडच्या एकच जातीच्या आहेत हे दाखवायला तरुणपणी त्यांनी फॅरोहून गोगलगायी आणवल्या होत्या. या गोगलगायींत नर-मादी वेगळे नसतात, म्हणून प्रत्येक हौदात एक तिकडची, एक इकडची. अंडी कुणीच घातली नाहीत. पुन्हा आणवल्या, पुन्हा तेच. याला साधा हौद सांभाळता येत नाही, असं लोक तोंडावर म्हणाले, तेव्हा त्यांनी तो नादच सोडला. समुद्राचं पाणी गुडनी बादलीने वर आणायची. बादलीला साबण लागला होता का, असं एकदा रागाच्या भरात त्यांनी तिला विचारलं. त्यानंतर या घरात हौदाचा विषय निघाला नव्हता.

म्हणजे दोष हौदाचा नव्हताच, हे टोरुनला उमगलं. म्हातारा हसत होता, डोळे पुसत होता.

"गुडनी," त्यांनी हाक मारली. "ऐकलंस? पाणी चांगलं होतं."

गुडनी ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिने नळ बंद केला, हात पुसले.

"ती बादली मी वाळूने घासायचे, आयलर्ट," ती म्हणाली. "साबण कधी लावलाच नाही."

आयलर्टनी शेजारची खुर्ची तिच्यासाठी बाहेर ओढली.